परदेशात मुरलेला मॅनेजर

1990 साली दक्षिण कोरियाच्या सॅमसंगने एक अजब योजना काढली. थोडी वर्षं नोकरी झालेले, चुणचुणीत तरुण निवडायचे, त्यांना एखादी परकी भाषा शिकवायची आणि त्या देशात वर्षभर नुसतं सोडून द्यायचं. पगार चालू, पण ऑफिस नाही, साहेब नाही, विक्रीचं टार्गेट नाही. राहायला जागा आपली आपण शोधायची, बाजारहाट आपला आपण करायचा, ओळखीपाळखी वाढवायच्या, देश पालथा घालायचा आणि जे दिसेल ते लिहून कळवायचं. या मंडळींना कंपनीत ‘प्रादेशिक तज्ज्ञ’ म्हणत. कुठल्याही हिशेबनिसाला घाम फुटावा अशी ही योजना, पण ती बंद पडली नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत हजारो कर्मचारी असे डझनावारी देशांत राहून आले.

योजनेमागे चेअरमन ली कुन-ही यांचा आग्रह होता. ते स्वतः तोक्योच्या वासेदा विद्यापीठात शिकलेले, नंतर अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातही राहून आलेले. पण त्यांच्या हाताखालच्या बहुतेकांनी जग पाहिलेलंच नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. सामान्य कोरियन माणसाला परदेश प्रवासाची पूर्ण मोकळीक मिळाली तीच मुळी 1989 साली. जगभर टीव्ही विकायला निघालेल्या कंपनीत, ते टीव्ही ज्या घरांत जाणार ती घरं आतून पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 1993च्या सुरुवातीला ली लॉस एंजेलिसला गेले, तेव्हा दुकानात सॅमसंगचे टीव्ही मागच्या कोपऱ्यात पडलेले त्यांना दिसले. सोलमध्ये येणाऱ्या अहवालांत तो कोपरा नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी अधिकाऱ्यांना जर्मनीत फ्रँकफर्टला गोळा केलं आणि ‘बायको-मुलं सोडून बाकी सगळं बदला’ हा त्यांचा हुकूम उद्योगजगात गाजला.

आता आपल्याकडचं ‘ऑनसाइट’ बघा. हिंजवडीतल्या कुणाला श्टुटगार्टची किंवा डॅलसची दोन वर्षं मिळाली की घरी पेढे वाटतात. गेलेला माणूस कामाला वाघ असतो, याबद्दल वाद नाही. पण तो राहतो कसा? फ्लॅटमध्ये आपलेच तिघे, डबा आपल्याच पद्धतीचा, क्लायंटच्या ऑफिसात आपल्याच टीमचं बेट, शनिवार-रविवारी दुसऱ्या शहरातल्या मित्राकडे फेरी, भाद्रपदात मंडळाचा गणपती. पैसे साठतात, फोटो साठतात. यात हिणवण्यासारखं काही नाही. परमुलखात माणूस आपल्या माणसांना धरूनच राहणार. फक्त परत आल्यावर बायोडेटात ‘दोन वर्षं जर्मनीचा अनुभव’ असं लिहिलं जातं, तेव्हा त्यात जर्मनी किती हे विचारावंसं वाटतं.

या प्रश्नावर संशोधकांनी बरंच काम केलंय. विल्यम मॅडक्स आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एमबीएच्या विद्यार्थ्यांना एक जुनं कोडं घातलं. टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली छोटी पुठ्ठ्याची पेटी. मेण खाली सांडणार नाही अशा रीतीने मेणबत्ती भिंतीवर लावायची. बहुतेक जण मेणबत्तीलाच टाचण्या मारू पाहतात. उत्तर असं की पेटी रिकामी करायची, तीच टाचण्यांनी भिंतीला ठोकायची आणि तिच्यात मेणबत्ती उभी करायची. म्हणजे ज्या वस्तूकडे आपण ‘डबा’ म्हणून बघत होतो तिच्याकडे ‘फळी’ म्हणून बघता यायला हवं. जे विद्यार्थी परदेशात जास्त काळ राहिले होते त्यांना हे कोडं जास्त प्रमाणात सुटलं. मात्र परदेशात नुसतं फिरून येण्याचा आणि कोडं सुटण्याचा काही संबंध दिसला नाही.

आता, चौकस माणसंच परदेशी जाऊन राहतात आणि कोडीही त्यांनाच सुटतात, असं असू शकेल. संशोधकांनी ही शंका गृहीत धरून तपासण्या केल्या, तरी ती पुरती मिटत नाही. मला त्यांचं पुढच्या वर्षीचं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यात त्यांनी असं दाखवलं की परदेशातली एखादी रीत नुसती आठवून उपयोग होत नाही. ती रीत ‘का’ आहे हे ज्याला कळलं त्याच्या विचाराला मोकळेपणा येतो. पुढे 2018 साली हायो अ‍ॅडम आणि सहकाऱ्यांनी सहा अभ्यासांतून, 1,874 जणांची माहिती घेऊन, आणखी एक गोष्ट मांडली: परदेशवासाने माणसाला स्वतःची मूल्यं जास्त स्पष्ट होतात, पण ते अवलंबून असतं किती काळ राहिलात यावर. किती देशांत राहिलात याने फरक पडत नाही. पासपोर्टावरचे शिक्के मोजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

काळाचा मुद्दा निघालाच आहे तर 1955 सालचं एक नाव घ्यायला हवं: नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाऊन आलेल्या सुमारे 200 नॉर्वेजियन लोकांशी ते बोलले. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले खूश होते. दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे रुळले होते. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं मात्र जमलं नव्हतं. आधी नवलाई, मग खड्डा, मग हळूहळू वर. नंतरच्या अभ्यासांत हा खड्डा दर वेळी सापडला नाही आणि प्रत्येकाचा मार्ग असाच जातो असं आता कुणी म्हणत नाही. तरी बिझनेस स्कूलच्या ‘एक्स्चेंज’कडे बघताना लिसगार्ड आठवतात. एक टर्म, म्हणजे तीन-चार महिने. वर्ग इंग्रजीत, मित्र इतर देशांतून आलेले एक्स्चेंजचेच विद्यार्थी, सुट्टी लागली की स्वस्त विमानाने दुसरं शहर. नवलाई ओसरून खरी अडचण सुरू व्हायची वेळ येते, तेव्हा मुलगा विमानतळावर बॅगेचं वजन करत उभा असतो.

पण अडचण म्हणजे नेमकं काय? पुस्तकी उत्तर तयार आहे. डच संशोधक खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या जगभरातल्या कर्मचाऱ्यांकडून 1967 ते 1973 या काळात एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि 1980 साली त्यावरून देशांची तुलना मांडली. साहेब आणि हाताखालचा यांच्यातलं अंतर लोक किती सहज मान्य करतात, याचा त्यांचा एक आकडा आहे: भारत 77, जर्मनी 35, डेन्मार्क 18, ऑस्ट्रिया 11. व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात हा तक्ता येतो, परीक्षेतही येतो. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण 77 आणि 35 यांमधले 42 गुण मीटिंगमध्ये कुठं बसलेले असतात, ते तक्त्यात दिसत नाही.

ते असे दिसतात. पुण्याहून गेलेला इंजिनिअर जर्मन क्लायंटपुढे बसलाय. प्रश्न येतो, शुक्रवारपर्यंत होईल का? आपल्याकडचं उत्तर ठरलेलं: ‘हो, करून टाकू.’ पुण्याच्या टीमलीडने विचारलं असतं तर त्याला यातली मेख कळली असती: धडपड करतो, अडलं तर सोमवारी बघू. साहेबाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक. समोरचा जर्मन माणूस मात्र वहीत शुक्रवार लिहितो आणि त्यावर पुढच्या तीन जणांचं काम लावतो. शुक्रवारी काम झालेलं नाही याचं त्याला फारसं वाटत नाही. बुधवारीच का नाही सांगितलं, हे त्याला कळत नाही. आणि आपल्या माणसाला कळत नाही की त्याच जर्मन ऑफिसात परवा आलेला पोरगा विभागप्रमुखाला चारचौघांत ‘हा आकडा चुकलाय’ म्हणतो आणि नंतर दोघं एकत्र जेवायला कसे जातात.

जपानमध्ये गाडी उलट्या बाजूने अडते. मीटिंगला पंधरा माणसं, कुणी वाद घालत नाही, तासाभरात सगळे माना डोलावून उठतात. नवख्याला वाटतं, ही नुसती औपचारिकता. खरं काम आधीच झालेलं असतं. प्रस्तावाचा कागद विभागाविभागांतून फिरलेला असतो आणि आपल्या मंत्रालयातल्या फाइलीवर शेरे चढत जावेत तसे त्यावर एकेकाचे लाल शिक्के उमटलेले असतात. फरक असा की शिक्का मारण्याआधी कुणाच्या टेबलापाशी, कुणासोबत संध्याकाळी बिअर घेताना हरकती ऐकून झालेल्या असतात. ठरायला महिना लागतो. एकदा ठरलं की कुणी पाय ओढत नाही. पाहुणा म्हणून आठवडाभर गेलात तर तुम्हाला फक्त मीटिंग दिसते. तो कागद तुमच्या टेबलावर यायला तिथं तुमचं टेबल असावं लागतं.

टेबल नसताना कारभार केला की काय होतं, याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे वॉलमार्टची जर्मनीतली फजिती. 1997-98 साली या अमेरिकन कंपनीने जर्मनीतल्या दोन साखळ्यांची मिळून 95 दुकानं घेतली. पहिला प्रमुख अमेरिकेतून आला. त्याला जर्मन येत नव्हतं, म्हणून वरच्या पातळीचा कारभार इंग्रजीत सुरू झाला. ग्राहक जवळ आला की हसायचं, हा अमेरिकेतला नियम तिथंही लावला, ग्राहक बिचकले. पैसे देऊन झाल्यावर सामान पिशवीत भरून द्यायला माणूस ठेवला. जर्मन गिऱ्हाईक आपलं सामान आपण भरतं, दुसऱ्याचा हात लागलेला त्याला नको असतो. सकाळी कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन कंपनीच्या नावाचा जयघोष करायचा, हा प्रकार तर जर्मनीत कुणाला सुचावा याचंच आश्चर्य.

या झाल्या गमतीजमती. खरा घाव कायद्याने घातला. जर्मनीत कारखाना असो वा दुकान, कामगारांना आपलं मंडळ निवडता येतं, बेट्रीब्सराट. आपल्याकडची युनियन गेटवर उभी राहून मागण्या करते. हे मंडळ 1972च्या कायद्याने कारभारातच बसवलेलं आहे. ओव्हरटाइम लावायचा, कामाच्या वेळा बदलायच्या, कर्मचाऱ्यांच्या वागणुकीचे नियम करायचे, तर त्याची संमती लागते. वॉलमार्टने सहकाऱ्यांच्या प्रेमप्रकरणांपर्यंत पोचणारी आचारसंहिता मंडळाला न विचारता लागू केली आणि 2005 साली कामगार न्यायालयात मार खाल्ला. त्याआधी 2000 साली दूध-लोण्यासारखे जिन्नस खरेदीच्या भावाखाली विकल्याबद्दल तिथल्या स्पर्धा नियामकाने आल्डी आणि लिडल या स्वस्त दुकानांच्या साखळ्यांसोबत वॉलमार्टलाही भाव वाढवायला लावले होते. 2006 साली उरलेली 85 दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून वॉलमार्ट बाहेर पडली. तोटा सुमारे एक अब्ज डॉलर. सगळं खापर संस्कृतीवर फोडणं बरोबर नाही, कारण आल्डी आणि लिडलच्या भावांपुढे टिकणं कुणालाही जड गेलं असतं. पण रविवारी घरातलं दूध संपलंय आणि गावातलं एकही दुकान उघडं नाही, असा एक रविवार ज्याने काढलाय त्याला जर्मन माणूस शनिवारची खरेदी कशी करतो हे सांगावं लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला ते अहवालातून वाचावं लागतं.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. मुंढव्याच्या भारत फोर्जने 2004च्या सुमारास जर्मनीत एनेपेटाल इथला पेडिंगहाउस हा फोर्जिंगचा जुना कारखाना घेतला. असा कारखाना घेतला की यंत्रांसोबत ते कामगार मंडळही येतं. पुण्याहून जाणाऱ्या अधिकाऱ्याला फोर्जिंग कितीही येत असलं, तरी त्या मंडळाशी बोलायला लागणारं शहाणपण तिथं बसूनच कमवावं लागतं.

एवढं वाचून वाटेल की सगळा खेळ मुदतीचा आहे, जितकं जास्त राहाल तितकं चांगलं. तसं असतं तर पुढची गोष्ट घडली नसती.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक बदनाम कारखाना होता. गैरहजेरी अशी की काही सकाळी माणसांअभावी लाइन सुरू करायची पंचाईत; दारू, भांडणं, संप. 1982 साली तो बंद झाला. 1984 साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने उघडला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही जुनीच. पद्धत मात्र टोयोटाची. त्या वर्षी काही शे अमेरिकन कामगारांना तुकड्या-तुकड्यांनी जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यात धाडलं. मुक्काम फक्त दोन-तीन आठवड्यांचा.

तिथं त्यांनी पाहिलेली गोष्ट अगदी साधी होती. लाइनवर डोक्याच्या वर एक दोरी. काम मागं पडलं किंवा जोड नीट बसला नाही की कामगाराने ती ओढायची. धून वाजते, दिवा लागतो, टीमलीडर येतो आणि विचारतो, कुठं अडलं? दोघं मिळून सोडवतात. वेळेत नाहीच सुटलं तर लाइन थांबते. फ्रीमाँटच्या जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं हे महापाप होतं. चुकीचे भाग बसलेल्या गाड्या तशाच पुढे ढकलायच्या आणि नंतर आवारात उभ्या करून दुरुस्त करायच्या, ही तिथली रीत. सगळी हयात असं काम केलेल्या माणसाला कुणी तरी ‘मी काय मदत करू?’ असं पहिल्यांदाच विचारलं. निरोपाच्या पार्टीत रांगडे अमेरिकन कामगार जपानी सोबत्यांच्या गळ्यात पडून रडले, असं नंतर सांगितलं गेलं. परतल्यावर वर्ष-दीड वर्षात नुमीच्या गाड्या जनरल मोटर्समधल्या सर्वांत चांगल्या गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या.

दोन-तीन आठवड्यांत हे कसं झालं? एक कारण असं की ते पाहुणे म्हणून गेलेच नव्हते. आपलंच काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी, हातात पाना घेऊन उभे राहिले होते. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. ते ज्या कारखान्यात परतले तिथं तीच दोरी टांगलेली होती.

याची उलट बाजू त्याच कारखान्यात घडली. जनरल मोटर्सने आपले काही होतकरू मॅनेजर नुमीत दोनेक वर्षं शिकायला ठेवले होते. ते मनापासून शिकले. मुदत संपल्यावर त्यांना कंपनीच्या वेगवेगळ्या कारखान्यांत एकेकटं पांगवलं. तिथं त्यांचं ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं. वरच्यांना गाड्यांचा रोजचा आकडा हवा होता. पालथ्या घड्यावर पाणी. एका वरिष्ठाने म्हणे हुकूम सोडला होता की कॅमेरे घेऊन जा, नुमीचा इंच न् इंच टिपा, आणि जे फोटोत दिसेल ते आपल्या कारखान्यात तसंच्या तसं उभं करा. दोरीचा फोटो निघतो. ती ओढल्यावर कामगाराला ओरडा बसणार नाही, ही खात्री फोटोत येत नाही.

त्याच वर्षांत टोयोटाही शिकत होती, आणि हे सहसा सांगायचं राहून जातं. भागीदारीत शिरण्यामागे तिचा स्वतःचा प्रश्न होता: अमेरिकन कामगार, अमेरिकन युनियन, अमेरिकन पुरवठादार यांच्यासोबत आपली पद्धत चालेल का? जपानहून आलेल्या तिच्या माणसांनी फ्रीमाँटमध्ये याचं उत्तर मिळवलं आणि 1988 साली केंटकीत जॉर्जटाउनला टोयोटाचा स्वतःचा मोठा कारखाना सुरू झाला, तेव्हा ते शिकणं थेट कामी आलं. एकच छप्पर आणि तीच वर्षं. एका कंपनीने शिकून आलेल्यांसाठी पुढची जागा आधीच आखून ठेवली होती, दुसरीच्या घरी मात्र ये रे माझ्या मागल्या.

सॅमसंगची ती अजब योजना या उजेडात तितकी अजब वाटत नाही. वर्षभर काम नाही, म्हणजे घाईत उत्तर द्यायचं नाही. ‘असं का करतात?’ हे विचारायला सवड आहे. लिहून पाठवलेलं सोलमध्ये वाचलं जातं. आणि पुढं त्या देशात ऑफिस उघडायची वेळ आली की कुणाला बोलवायचं हे ठाऊक असतं. फ्रान्स हेच जरा वेगळ्या रीतीने करतो: 18 ते 28 वयाच्या तरुणांना सहा ते चोवीस महिने परदेशातल्या फ्रेंच कंपनीत कामाला लावायची सरकारी योजना तिथं आहे. यात काम हातात असतं, पण वयामुळे माणूस कुणाचा साहेब नसतो, आणि साहेब नसलेल्याला लोक खरं सांगतात.

आपल्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना अशी आयती योजना मिळणं कठीण. पण हाताशी असलेल्या गोष्टीही कमी नाहीत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्समुल्लर भवनात भाषा आधी शिकून घ्यावी, तीही व्हिसाच्या परीक्षेपुरती नाही. कँटीनमध्ये शेजारचे दोघे काय बोलतात ते कानावर पडून समजेल एवढी. जर्मनीत शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कंपनीत वेर्कश्टुडेंट म्हणून काम करता येतं. मोठ्या शहरातल्या चकचकीत इंटर्नशिपपेक्षा एखाद्या लहान गावातल्या पंप किंवा कुलपं बनवणाऱ्या कंपनीतले ते वीस तास मी पसंत करीन, कारण तिथं इंग्रजीच्या आडोशाला उभं राहता येत नाही. नोकरीतून जाणाऱ्याने निघण्याआधीच एचआरकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: परतल्यावर कोणत्या कामावर घेणार, आणि तिथं असताना महिन्याकाठी पाठवलेली टिपणं वाचणार कोण. भत्ता, घरभाडं, विमान तिकीट यांवर लोक आठवडे घासाघीस करतात. या दोन प्रश्नांची आठवण निघते ती दोन वर्षांनी, हिंजवडीत नवीन आयडी कार्ड गळ्यात घालून बेंचवर बसल्यावर.